गडी, भिडू, सवंगडी : खेळानंतरच्या पंगतीचा शोध

बरोबर खेळणाऱ्या माणसासाठी मराठीत तीन शब्द रोजच्या वापरात आहेत : गडी, भिडू आणि सवंगडी. तिन्हींचा अर्थ ढोबळमानाने एकच सांगितला जातो, पण वापर पाहिला तर फरक दिसतो. 'गडी' खेळात असतो तसा शेतातही असतो. आमच्या मराठवाड्यात पाडव्याला ज्याचे साल ठरते तो सालगडी. म्हणजे गडी हा मोजता येतो, वाटून घेता येतो, कामाला लावता येतो. 'भिडू' हा डावापुरता जोडीदार. डाव संपला की भिडूपणही संपते. 'सवंगडी' मात्र खेळ संपल्यावरही सवंगडीच राहतो. पन्नाशीतला माणूस पन्नाशीतल्या माणसाला सवंगडी म्हणतो, तेव्हा त्यांनी शेवटचा डाव खेळल्याला तीस-पस्तीस वर्षे झालेली असतात.

गड्याचा सवंगडी कधी होतो आणि कधी होत नाही, हा या लेखाचा प्रश्न आहे. खेळाने माणसे जोडली जातात, संघभावना वाढते, अशी वाक्ये बक्षीस समारंभात आपण नेहमी ऐकतो. ती खोटी नसली तरी अपुरी आहेत. ती कुठे अपुरी पडतात हे आपल्या संतसाहित्यात, एका विसरलेल्या मराठी पुस्तकात आणि अलीकडच्या एका चित्रपटात शोधता येते.

काल्याची कसोटी

तुकोबांच्या गाथेत खेळांवरचे अभंग आहेत. हमामा, हुतुतू, चेंडूफळी, विटीदांडू, फुगडी, टिपरी अशी नावे तिथे येतात. अभ्यासकांनी बहुधा त्यांचा रूपक म्हणून विचार केला आहे : खेळ म्हणजे संसार, बाद होणे म्हणजे जन्ममरणाचा फेरा. ते बरोबरच आहे. पण रूपक पटण्यासाठी ऐकणाऱ्याला मूळ खेळ ठाऊक असावा लागतो. हुतुतूत दम कसा टिकवतात हे माहीत नसलेल्या श्रोत्याला त्यातला परमार्थ कळणार नाही. तेव्हा हे अभंग गावातल्या खेळांचे दप्तर म्हणूनही वाचले पाहिजेत.

या अभंगांना लागूनच गाथेत काल्याचे अभंग आहेत, आणि आपल्या परंपरेने खेळाचा शेवट कुठे मानला ते तिथे दिसते. यमुनेकाठी खेळ झाल्यावर गोपाळ आपापल्या शिदोऱ्या सोडतात. कुणाची चांगली, कुणाची शिळी. सगळे एकत्र कालवले जाते आणि कृष्ण ते वाटतो. मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. ते कीर्तन ऐकायला वर्षभर देवळाकडे न फिरकणारी माणसेही येतात.

त्या कीर्तनात हटकून येणारे पात्र म्हणजे पेंद्या. तो अंगाने अधू, बोलायला अडखळणारा, खेळात कच्चा. कीर्तनकार त्याच्या निमित्ताने हशा पिकवतो. पण गोष्टीची मांडणी अशी असते की पेंद्याशिवाय काला होत नाही. आमच्या पोरांच्या खेळात याच पेंद्याला 'लिंबूटिंबू' म्हणत. तो बाद होत नसे, त्याच्यावर राज्य येत नसे, पण तो खेळात असे. मराठीने आपल्या खेळातच कच्च्या गड्यासाठी जागा करून ठेवली आणि त्या जागेला नावही दिले, याची आपल्या समीक्षेने फारशी दखल घेतलेली नाही.

यावरून एक कसोटी हाती येते. संघ मैदानावर तयार होतो, पण तो खरा आहे की नाही हे त्यानंतरच्या पंगतीत कळते. ही कसोटी आता इतिहासाला लावून पाहू.

चेंडू आणि मातीचा पेला

१९४८ साली मुंबईत 'माझे क्रीडा-जीवन' हे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखक विठ्ठल पालवणकर. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल या चार क्रिकेटपटू भावांपैकी ते एक. आज बहुतेक वाचकांना या भावांची ओळख होते ती रामचंद्र गुहा यांच्या २००२ सालच्या इंग्रजी ग्रंथामुळे. मराठी माणसाने मराठीत लिहिलेले आयुष्य मराठी वाचकापर्यंत इंग्रजीच्या वळणाने पोचावे, ही आपल्या ग्रंथव्यवहाराची दशा आहे.

थोरले भाऊ बाळू यांचा जन्म १८७६ चा, जात चांभार. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबवर ते मैदानाची निगा राखण्याचे काम करीत. तिथे इंग्रज फलंदाजांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली. पुण्याच्या हिंदू संघाला जिंकायचे होते, म्हणून बाळूंना संघात घेतले गेले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हाताळीत. चहाच्या वेळी मात्र त्यांना बाहेर मातीच्या पेल्यात चहा मिळे आणि जेवणाचे पान वेगळे मांडले जाई. चेंडूचे वेष्टन चामड्याचे असते, हे चेंडू हाताळणाऱ्या कुणाच्या ध्यानात आले नसेल असे नाही. बरोबर खेळायला चालते तर बरोबर खाण्यापिण्याला हरकत का, असे न्यायमूर्ती रानड्यांनी सुनावल्याची नोंद गुहांनी केली आहे. रानड्यांनी लावलेली कसोटी काल्याचीच आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात असा. १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले, त्यात बाळू आणि शिवराम होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला आणि त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. एवढे होऊनही कर्णधारपद त्यांच्याकडे आले नाही. १९१३ मध्ये कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी हा मान बाळूंचा होता असे उघडपणे सांगितले. पुढे १९२० मध्ये बाळूंना संघातून वगळले गेले. पै आजारी असल्याने नेतृत्वाचा प्रश्न आला, तेव्हा विठ्ठलांना डावलून ते दि. ब. देवधरांना देण्यात आले. विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन काढले आणि संघाबाहेर राहणे पत्करले. लोकमत त्यांच्या बाजूने वळले, भाऊ परतले आणि बाळू उपकर्णधार झाले. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघ त्या वर्षी जिंकला.

ही हकिगत सहसा विजयगाथा म्हणून सांगितली जाते. मला त्यात तीन वेगवेगळी नाती दिसतात. बाळूंचा चेंडू हवा पण पंगत नको म्हणणाऱ्यांना 'गडी' हवा होता, जवळजवळ सालगड्याच्या अर्थाने. पै यांनी मिळालेला मान घेतला, तरी तो कुणाचा आहे हे चारचौघांत सांगितले. ते भिडूपणाच्या पुढे गेले. आणि शिवराम-विठ्ठल यांनी भावासाठी व स्वतःसाठी खेळणेच थांबवले. संघनिष्ठा म्हणजे मुकाट्याने खेळत राहणे अशी आपली समजूत असते. प्रसंगी खेळायला नकार देणे हीसुद्धा संघनिष्ठा असते, हे १९२० च्या त्या निवेदनाने दाखवून दिले.

एवढ्यावरून खेळाने सगळे प्रश्न सुटतात असे मात्र म्हणता येत नाही. तरुण आंबेडकरांना बाळूंविषयी आदर होता. तरी १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या बाजूने उभे राहिलेल्या बाळूंचा आंबेडकरांनी सुमारे दोन हजार मतांनी पराभव केला. मैदानावर मिळवलेला मान आणि समाजाच्या मुक्तीचे राजकारण या दोन वाटा होत्या, आणि त्या एकत्र आल्या नाहीत.

'बलुतं' १९७८ साली आले. त्यानंतर दलित आत्मकथनांची जी चर्चा झाली तिच्यात त्याआधी तीस वर्षे प्रसिद्ध झालेल्या विठ्ठलांच्या पुस्तकाचे नाव क्वचितच निघते. ते त्या प्रवाहातले पुस्तक आहे असा माझा आग्रह नाही. पण क्रीडासाहित्य म्हणजे हलके वाचन, अशा समजुतीने आपण ते फडताळात मागे ढकलले असावे. समीक्षेच्या पंगतीतही एक पान वेगळे मांडले जाते.

स्पर्शाचे खेळ

क्रिकेटमध्ये एका गड्याचा दुसऱ्याला स्पर्श होण्याची गरज नसते. मधे चेंडू असतो. म्हणूनच बाळूंना मैदानात घेणे त्या संघाला परवडले, असे म्हणायला जागा आहे. आपल्या देशी खेळांत ही सोय नाही. खो-खोत आठ गडी एकाआड एक उलट तोंडे करून बसतात. पाठलाग करणाऱ्याला दिशा बदलता येत नाही, दोन गड्यांमधून पलीकडे जाता येत नाही. कितीही वेगवान गडी असला तरी बसलेल्याच्या पाठीवर हात ठेवून 'खो' दिल्याशिवाय त्याचे काम पुरे होत नाही. कबड्डीत तर चढाईला आलेल्याला सगळ्यांनी मिळून धरायचे असते, साखळीसाठी शेजारच्याचा हात हातात घ्यायचा असतो. बाद झालेला गडी 'मेला' म्हणतात आणि आपल्या बाजूने समोरचा एक मारला की आपला एक 'जिवंत' होतो. या प्रकाराचे जुने नाव संजीवनी. माझे पुन्हा खेळात येणे माझ्या हातात नसते, ते सोबत्याच्या हातात असते. असा नियम ज्या खेळात आहे तो खेळ माणसाला काही शिकवत असेल तर याच नियमातून.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम बांधले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्या कर्णधारांच्या नेतृत्वाखाली भारताचे दोन्ही संघ जिंकले. या शंभर-सव्वाशे वर्षांवर मराठीत कादंबरी किती, कथा किती, असे विचारले तर बोटे मोजावी लागतील. आपल्याकडे एकट्या वीराचे कौतुक जास्त. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला पदक जिंकले, ते आपण सांगतो. त्यांच्या प्रवासासाठी गावाने वर्गणी गोळा केली, तो भाग एका वाक्यात उरकतो. आपला फास्टर फेणेसुद्धा बहुतेक वेळा एकटाच संकटात उडी घेतो.

'सैराट'मधले दोस्त

या उणिवेला अलीकडचा मोठा अपवाद म्हणजे नागराज मंजुळे यांचा 'सैराट' (२०१६). चित्रपट सुरू होतो तो गावच्या क्रिकेट सामन्याने. परशाचा संघ जिंकतो आणि बक्षीस मात्र गावचा पुढारी देतो. खेळ कुणाचा आणि मैदान कुणाचे, हे पहिल्या काही मिनिटांतच कळते. परशाचे दोन जिवलग दोस्त, सल्या आणि लंगड्या. लंगड्याकडे पाहताना मला काल्यातला पेंद्या आठवतो : अंगाने अधू, हशाचा धनी आणि तरी मैत्रीच्या मध्यभागी. दोस्तांनी परशासाठी मार खाल्ला. पण उत्तरार्धात कथा हैदराबादला जाते आणि हे दोघे मागे राहतात. त्या टोळीचे पुढे काय झाले हे आपल्याला कळत नाही. प्रेमकथेचा तोल म्हणून हे समजण्यासारखे आहे. तरी मला ती चित्रपटातली एक रिकामी जागा वाटते, कारण शहरात त्या जोडप्याला जे मिळत नाही ते नेमके सवंगडीपण आहे. पुढे २०२२ च्या 'झुंड' या हिंदी चित्रपटात मंजुळ्यांनी नागपूरच्या वस्तीतला फुटबॉल संघच केंद्रस्थानी आणला. त्यांनाही ही जागा भरायची होती असे त्यावरून वाटते.

गावाकडचा पुरावा

चारठाणा हे जिंतूर तालुक्यातले जुने गाव. इथली भग्न मंदिरे, बारव आणि दीपमाळ पाहायला अभ्यासक येतात, दगडांची मापे घेतात. गावच्या हुतुतूच्या मैदानाची नोंद मात्र कुठे नाही. १९८८-८९ च्या सुमारास आमचा संघ आसपासच्या गावांत खेळायला जाई. एका गावी सामन्यानंतर जेवणाचे आमंत्रण होते. आमच्यातल्या दोघांना गोठ्याजवळ बसायला सांगण्यात आले. आमचा कर्णधार काही न बोलता पायताण घालून निघाला, मागोमाग सगळे निघाले. एस.टी.च्या थांब्यावर शेंगा, फुटाणे आणि गूळ घेतला, एका पंचावर ओतला आणि सगळ्यांनी त्यातूनच खाल्ले. कुणी भाषण केले नाही.

त्या संघातली माणसे आज पुण्या-संभाजीनगरच्या कारखान्यांत, शाळांत, शेतांत आहेत. दवाखान्याचे बिल, मुलीचे लग्न, भावकीतली वाटणी, अशा वेळी पहिला फोन त्यांच्यातच जातो. पण हेच लोक ग्रामपंचायतीला वेगवेगळ्या पॅनलमधून उभे राहिले आणि सहा-सहा महिने एकमेकांशी बोलले नाहीत, हेही खरे आहे. जुनी मैत्री म्हणजे भांडण नसणे नव्हे. भांडण झाल्यावर परत येण्याची वाट माहीत असणे, एवढाच तिचा अर्थ मला इतक्या वर्षांत लागला आहे. बाद झालेल्याला पुन्हा आत घ्यायचे असते, हे त्यांच्या अंगवळणी पडले आहे.

दिवाळीत गावोगावी दहावीच्या तुकड्यांचे स्नेहमेळावे होतात, फेटे बांधले जातात, गुरुजींना शाली दिल्या जातात. त्यात जुने संघही असतात. अभ्यासकांना माझी विनंती साधी आहे. या माणसांना त्यांचा जिंकलेला चषक विचारू नका, तो सगळेच सांगतात. सामना संपल्यावर कुठे जेवलात, कोण कुणाशेजारी बसले, कोण आले नाही, ते विचारा आणि लिहून ठेवा. आणि कुणा प्रकाशकाची इच्छा असेल तर 'माझे क्रीडा-जीवन' चांगल्या प्रस्तावनेसह पुन्हा छापावे. आपल्या क्रीडासाहित्याचा विचार त्या पुस्तकापासून नव्याने करता येईल.