पूजा थांबल्यावर मंदिरात काय उरतं?

श्रोतेहो, मंदिराचं संग्रहालय झालं की मंदिर मेलं, असं आम्ही वर्गात अनेक वर्षं ठासून सांगत आलो. आज ते विधान आम्हाला दुरुस्त करायचं आहे. निमित्त आहे चीनमधल्या सुझौचं कन्फ्यूशियस-मंदिर. तिथं आता शिलालेखांचं संग्रहालय आहे.

आमची पहिली चूक ‘मंदिर’ या शब्दातच होती. 1035 साली फान चोंगयान या विद्वान प्रशासकानं इथं मंदिराला जोडून शाळा उभारली. एका अंगाला वंदन, दुसऱ्या अंगाला अध्ययन. पुढं 1530 साली मिंग सम्राटानं अशा मंदिरांतल्या मूर्ती काढून नामफलक ठेवायला लावले. म्हणजे आता बघा, गाभाऱ्यात अक्षरंच! तेव्हा कोरलेले दगड इथं उपरे नाहीत. 1905 साली राजकीय परीक्षा बंद झाल्या आणि या शाळेचा जुना आधार तुटला. तो संग्रहालयानं तोडलेला नाही.

मग काहीच गमावलं नाही का? गमावलं. कन्फ्यूशियसचा ‘ली’, म्हणजे विधी, हे नुसतं कर्मकांड नव्हे. माणसानं माणसाशी कसं वागावं याचा तो सराव आहे. वाकणारा माणूस बांधला जातो. पाहणारा मात्र पाहून निघून जातो. हे नुकसान खरं आहे आणि कोणतीही माहितीपाटी ते भरून काढत नाही.

पण ‘संवादां’तला एक प्रसंग आठवा. कन्फ्यूशियस महामंदिरात जातो आणि प्रत्येक गोष्टीबद्दल विचारत सुटतो. लोक हसतात, याला म्हणे विधी ठाऊक आहेत! त्याचं उत्तर असं, की विचारणं हाच इथला विधी. आमच्या मते संग्रहालयाची कसोटी हीच: ते आपल्याला विचारायला लावतं का?

सम्राटांच्या वंशावळीचा दगड आम्हाला या कसोटीला उतरलेला वाटला नाही. तो नावं सांगतो आणि थांबतो. 1247 साली कोरलेला तारानकाशा उतरतो. त्यावर 1400हून अधिक तारे आहेत, आणि मूळ नकाशा एका राजपुत्राला शिकवण्यासाठी काढलेला होता. राज्य करणाऱ्याला आकाश कशाला शिकवायचं? झाला प्रश्न सुरू. आणि 1229 सालचा शहराचा नकाशा तर पुरेपूर उतरतो. कालवे, रस्ते, 300हून अधिक पूल. आणि त्यातच ही शाळासुद्धा. आपण उभे आहोत ती जागा आपल्यालाच दगडात सापडते. यातला कोणता कालवा अजून वाहतो, कोणता बुजला, कोणी बुजवला? हे प्रश्न बाहेर पडल्यावरही पाठ सोडत नाहीत.

म्हणून आमचं विधान आता असं: पूजा थांबली म्हणून मंदिर मरत नाही. आत येणाऱ्यानं विचारणं सोडलं, की ते मरतं. आणि मग तिथं रोज आरती होत असली, तरी फरक पडत नाही.

इथं थांबतो. आता तुम्ही विचारा.