रोहिणीचे पाणी

धर्मानंद कोसंबी यांचा ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ १९४०-४१ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्यास ऐंशीहून अधिक वर्षे लोटली. तथापि त्यातील गृहत्यागाचे विवेचन आजही वाचकास स्वस्थ बसू देत नाही.

म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्ये पाहून सिद्धार्थास वैराग्य आले व निजलेल्या पत्नीस आणि पुत्रास सोडून तो मध्यरात्री निघाला, ही कथा आपल्या घरांतील मुलांसही ठाऊक असते. कोसंबींनी ती बाजूस सारिली. ‘महापदान सुत्ता’त ही दृश्ये विपस्सी नामक पूर्वीच्या बुद्धाच्या चरित्रात येतात, उलट ‘अरियपरियेसन सुत्ता’त आईबाप रडत असता आपण केस-दाढी उतरवून घर सोडले, असे बुद्ध स्वतःच सांगतो. मग मध्यरात्रीचे पलायन आले कोठून? कोसंबींच्या मते खरे कारण शाक्य व कोलिय यांमधील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा होय. ह्यास आधार म्हणून ते ‘अत्तदंड सुत्त’ पुढे करितात. शस्त्र धरल्याने भय उपजते हे पाहून आपल्या मनास उद्वेग झाला, असा त्यातील बुद्धाच्या कथनाचा आशय आहे.

आता हा पुरावा तोलून पाहिला तर तो पुरेसा भरत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्या सुत्तात रोहिणीचे नाव नाही. ते अट्ठकथांत येते. आणि तेथे तंटा मिटविण्यास जो येतो तो तरुण सिद्धार्थ नसून बोधी प्राप्त झालेला बुद्ध आहे. दोन निरनिराळ्या काळच्या गोष्टी कोसंबींनी एकत्र सांधल्या. इतिहास म्हणून हा सांधा कच्चा आहे. परंतु बुद्धाचा उपदेश रोजच्या जगण्यात कोठे लागू पडतो हे पाहू जाता त्यांचे बोट नेमके योग्य जागी पडले आहे, असे आम्हांस वाटते. मन शांत व्हावे म्हणून दहा दिवस मौन पाळून येणारे आमच्या परिचयात अनेक आहेत, व त्यांची आम्ही थट्टा करीत नाही. मात्र कोसंबींचा बुद्ध अशांत झाला तो स्वतःच्या चिंतेने नव्हे. शेजाऱ्याशी पाण्यासाठी लढावे लागणार ह्या विचाराने.

माजलगावी राहून हे प्रकरण वाचणारास ते परके वाटत नाही. सिंदफणेवरील आमचे धरण हा जायकवाडीचा दुसरा टप्पा. पैठणच्या उजव्या कालव्याने गोदावरीचे पाणी येथवर येते. नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणांतून खाली पाणी सुटले नाही, म्हणजे येथे आम्ही सारेच न्यायनिष्ठ होतो. तेच पाणी आमच्या चारीत आले, की पाळी दुसऱ्याची असता रात्री दार उचलणारा आमच्यातच निघतो आणि टोकाचे शेत कोरडे राहते. न दिलेले घेऊ नये, हे पंचशीलातील दुसरे शील. सकाळी ते म्हणणारासही ही चोरी वाटत नाही. पाण्यावर का कोणाचे नाव लिहिलेले असते!

१९५७ साली, लेखकाच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या मूळ इंग्रजी ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही रोहिणीचाच प्रसंग घेतला व तो पुष्कळ पुढे नेला. त्यांचा सिद्धार्थ शाक्य संघाच्या सभेत युद्धाविरुद्ध मत देतो. बहुमत विरुद्ध जाते, कुटुंबावर बहिष्काराची व जमीन जप्तीची धमकी येते, तेव्हा तो परिव्राजक होतो. पुढे रोहिणीच्या पाण्याचे तंटे सोडविण्यास कायमचे लवाद मंडळ नेमले जाते आणि युद्ध टळते. एका कायदेपंडिताच्या लेखणीस साजेसाच हा तपशील! महाराष्ट्रात जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ साली झाला, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

परंतु आंबेडकरांचा सिद्धार्थ मंडळाची वार्ता ऐकूनही घरी परतत नाही. राजाराजांचे युद्ध कधीतरी होते, वर्गावर्गांतला कलह रोजचा, असे तो म्हणतो. कोसंबींच्या प्रकरणात ही पायरी नाही. लवादापुढे जाते ते दोन गणांचे भांडण; रात्री चारीचे दार कोणी उचलले, हे तेथवर पोहोचतच नाही.