जांभळा म्हणजे झालं

प्रोग्रामर जिथे कोड ठेवतात आणि एकमेकांचा तपासतात, त्या गिटहबचं मोबाइल ॲप मार्च २०२०मध्ये आयफोन आणि अँड्रॉइडवर सगळ्यांना खुलं झालं, तेव्हा कोड लिहिणं हा त्याचा हेतूच नव्हता. प्रोग्रामरांचं ॲप आणि प्रोग्रामिंग नाही, हे ऐकून हसू येईल. पण त्याची खरी गंमत याच नकारात आहे. लिहायला मोठा पडदा हवा. फोनवर उरतं ते कोणाचं काम कशापायी अडलंय हे बघणं आणि जमल्यास त्याची वाट मोकळी करणं.

म्हणून ॲपचा जीव इनबॉक्समध्ये. प्रत्येक सूचनेला रेपॉझिटरीचं, म्हणजे प्रकल्पाच्या कोडच्या कोठाराचं नाव, मथळा आणि एक इवलंसं चिन्ह. त्या चिन्हाचा रंग ओळखता आला की मथळ्याआधीच निम्मी बातमी कळते. पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधला बदल स्वीकारण्याची विनंती, उघडी असेल तर हिरवी, मर्ज झाली, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळली, की जांभळी, न स्वीकारता बंद केली तर लाल. इश्यूचं, म्हणजे नोंदवलेल्या अडचणीचं किंवा कामाचं गणित मात्र पूर्वी चुकलेलं होतं: सुटलेला इश्यूही लालच दिसायचा. काम फत्ते, आणि रंग धोक्याचा! २०२१मध्ये गिटहबने तो जांभळा केला. पुढच्या वर्षी, 'हे करायचं नाही' असं ठरवून बंद केलेल्या इश्यूंना राखाडी दिला. मला हा राखाडी फार आवडतो. नकार त्यात आहे, पण कुणाच्या माथी दोष नाही.

सेटिंग्जमध्ये कामाचे तास ठरवता येतात; त्याबाहेर फोन वाजत नाही. हिंजवडीत बसून कॅलिफोर्नियातल्या टीमबरोबर काम करणाऱ्याला याचं मोल विचारा. तिकडच्या उन्हाळ्यात दुपारचे दोन वाजतात तेव्हा इकडे रात्रीचे अडीच झालेले असतात.

खटकतो तो डिफ, म्हणजे कोडमध्ये काय गेलं आणि काय आलं ते दाखवणारा भाग. लाल-हिरव्या ओळी अरुंद पडद्यावर दुमडतात, आधीचा संदर्भ वर निघून जातो, मंजुरी मात्र अंगठ्याच्या टप्प्यात असते. वाचणं कठीण आणि होकार सोपा, ही जोडी घातकच. स्पेलिंगची दुरुस्ती बसमध्ये उभ्याउभ्या मंजूर करावी. लॉगिनच्या कोडला हात लागला असेल तर मोठ्या पडद्याची वाट बघावी; सूचना सेव्ह करून ठेवायची सोय ॲपनेच दिली आहे.