सभासदांना आवाहन : ब्लूमफील्ड यांच्या एका लेखाचे परीक्षण

विद्वत्संस्थेचे आयुष्य तिच्या सभासदांवर अवलंबून असते, हे सर्वमान्य आहे. परंतु नवे सभासद येतात कोठून, आणि त्यांना बोलाविणाऱ्या आवाहनाचे नेमके कार्य कोणते, या प्रश्नांची चिकित्सा क्वचितच होते. या दृष्टीने लेनर्ड ब्लूमफील्ड यांचा ‘भाषाशास्त्रीय संस्था कशासाठी ?’ हा छोटा लेख अभ्यासनीय ठरतो. अमेरिकेच्या भाषाशास्त्रीय संस्थेचे ‘लँग्वेज’ हे त्रैमासिक १९२५ साली निघाले. त्याच्या पहिल्याच अंकात हा लेख आला.

लेखामागील परिस्थिती प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. ब्लूमफील्ड, बोलिंग आणि स्टर्टेव्हंट या तिघांनी सिद्ध केलेल्या आवाहनावर २९ अभ्यासकांच्या सह्या होत्या. त्यानुसार २८ डिसेंबर १९२४ रोजी न्यूयॉर्क येथे संस्थेची स्थापना झाली. संस्थापक सभासदांची संख्या २६४ होती. हे अभ्यासक एकाच विभागातील नव्हते. कोणी जर्मानिक भाषांचे अध्यापक, कोणी संस्कृतचे, कोणी ग्रीक-लॅटिनचे. बोआस आणि सपीर हे तर मानववंशशास्त्रज्ञ. त्यांना सभासद होण्यासाठी संस्थांची वाण होती असेही नाही. प्राच्यविद्येची संस्था १८४२ पासून, अभिजात भाषाविद्येची १८६९ पासून आणि आधुनिक भाषांची १८८३ पासून अस्तित्वात होती. मग चौथ्या संस्थेची वर्गणी का द्यावी, हा प्रश्न स्वाभाविक होता.

ब्लूमफील्ड यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर व्यावहारिक लाभांवर फारसे भर देत नाही. भाषेचे एक स्वतंत्र शास्त्र आहे, त्याचे हेतू व पद्धती निश्चित आहेत, हे सामान्य मनुष्यास तर ठाऊक नाहीच, पण निसर्गशास्त्रज्ञास आणि वाङ्मयाच्या पंडितासही ठाऊक नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. म्हणून या अभ्यासकांनी एकत्र येऊन आपल्या व्यवसायाची जाणीव दृढ करावी, असे ते सुचवितात. आवाहन म्हणून लेखाचे बल येथेच आहे. निरनिराळ्या विभागांत विखुरलेल्या माणसांना तो एक समान नाव देतो. संस्कृतचा अध्यापक आणि आदिवासी भाषांचा नोंदकार हे एकाच व्यवसायाचे आहेत, ही गोष्ट तोपर्यंत त्या दोघांनाही पुरती उमगलेली नव्हती.

तथापि लेखात एक अंतर्विरोध आहे. त्याचा रोख सामान्य जनांकडे आहे, परंतु तो छापला गेला तो संस्थेच्याच मुखपत्रात. म्हणजे ज्यांना पटवावयाचे ते वाचक नव्हते आणि जे वाचक होते त्यांना पटलेलेच होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट शाळांविषयीची. शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकांपासून वर्गातील शिक्षकांपर्यंत कोणासही लेखन व उच्चार यांचा संबंध, किंवा प्रमाणभाषा व बोली यांचा संबंध कळत नाही, असा कठोर ठपका ब्लूमफील्ड ठेवतात. ठपका यथार्थ असेल. परंतु तो ठेवून लेख पुढे सरकतो. शिक्षकांस निमंत्रण देत नाही. ज्यांच्या अज्ञानामुळे संस्थेची आवश्यकता सिद्ध होते, तेच तिच्या उंबरठ्याबाहेर राहतात.

पुढील घटनांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. १९२८ साली येल विद्यापीठात संस्थेचा पहिला उन्हाळी अभ्यासवर्ग भरला. आवाहनाने आधीच असलेल्या अभ्यासकांना एकत्र केले होते. नवे अभ्यासक घडविण्याची सोय अभ्यासवर्गाने झाली. खुद्द ब्लूमफील्ड यांनीही १९४२ साली वाचनाच्या अध्यापनावरील आपला लेख प्राथमिक शिक्षकांच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. सतरा वर्षांपूर्वी ज्यांना दोष दिला, त्यांच्या दारी ते स्वतः गेले. १९२५ च्या लेखावरील याहून नेमकी टीका दुसऱ्या कोणी क्वचितच केली असेल.

भारतातील अनुभव हेच दर्शवितो. भारतीय भाषाशास्त्रीय संस्था १९२८ साली लाहोर येथे प्राच्यविद्या परिषदेच्या अधिवेशनप्रसंगी स्थापन झाली. येथेही आरंभीचे अभ्यासक प्राच्यविद्येच्या मंडळींतूनच आले. वर्णनात्मक भाषाशास्त्रात शिकून तयार झालेली तरुण पिढी मात्र मुख्यतः पुढे, १९५० नंतरच्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भरलेल्या अभ्यासवर्गांमुळे पुढे आली. वर्गात ध्वनिलेखन शिकलेला तरुण सभासद होतो तेव्हा त्याला संस्था कशासाठी हे विचारावे लागत नाही.

यावरून एक निष्कर्ष काढता येतो. सभासदत्वाचे आवाहन असलेल्यांची मोजदाद करते; नसलेल्यांना निर्माण करीत नाही. आज विद्यापीठीय विभागांत संस्थेचे सभासदत्व म्हणजे वर्गणी, चर्चासत्रातील निबंध आणि प्रमाणपत्र असे समीकरण रूढ होऊ पाहते. दुसरीकडे, वऱ्हाडी वा मालवणी बोलत शाळेत आलेल्या मुलाची भाषा ‘अशुद्ध’ ठरविणारा शिक्षक भाषाशास्त्राच्या कक्षेबाहेरच राहतो. ब्लूमफील्ड यांनी दाखविलेले ते अज्ञान शंभर वर्षांनंतरही संपलेले नाही. सभासद वाढविण्याची इच्छा असणाऱ्या संस्थेने आपला पहिला अभ्यासवर्ग त्या शिक्षकासाठी भरवावा. त्याला निमंत्रण देण्याचे जे काम ब्लूमफील्ड यांच्या लेखाने केले नाही, ते अद्याप शिल्लक आहे.