‘आम्ही’ आणि ‘आपण’ : महामारीच्या ख्रिस्ती वाङ्मयातील सेवेचे व्याकरण

१. प्रश्नाची मांडणी

आल्बेर काम्यू यांच्या ‘ला पेस्त’ (१९४७) या कादंबरीत फादर पानलू हे जेझुइट धर्मगुरू प्लेगग्रस्त ओरान शहरात दोन प्रवचने करतात. प्लेग हा श्रोत्यांच्या अपराधाचा दंड होय, असा पहिल्या प्रवचनाचा रोख आहे. दुसऱ्या प्रवचनापूर्वी त्यांनी एका लहान मुलाचे यातनामय मरण जवळून पाहिलेले आहे. त्यांच्यात झालेला बदल नोंदवताना निवेदक प्रथम व्याकरणाकडे लक्ष वेधतो : पानलू आता श्रोत्यांना उद्देशून ‘तुम्ही’ म्हणत नाहीत, ते प्रथमपुरुषी अनेकवचन वापरतात. कादंबरीच्या अभ्यासकांनी हे स्थळ वारंवार उद्धृत केले आहे. तथापि हे सर्वनाम मराठीत आणू लागताच एक अडचण उभी राहते, आणि ती अडचण समीक्षेला उपकारक आहे. पानलूंचे फ्रेंच सर्वनाम मराठीत ‘आम्ही’ होईल की ‘आपण’?

मराठी, गुजराती, तमिळ, तेलुगू व मलयाळम या भाषांत श्रोत्याला वगळणारे आणि श्रोत्याला सामावून घेणारे अशी प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ग्रीक, लॅटिन, जर्मन, इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी या भाषांत असा भेद सर्वनामात नाही. महामारी आणि ख्रिस्तमंडळी यांच्या संबंधाविषयीचे पाश्चात्त्य वाङ्मय मुख्यतः याच भाषांत लिहिले गेले. त्यामुळे त्या संहितांमध्ये जे संदिग्ध राहते, ते मराठी वाचकाला ठरवावेच लागते : या ‘आम्ही’च्या आत कोण आहे? रोगी आहे काय? परधर्मी आहे काय?

महामारीत श्रद्धा टिकवणे आणि सेवा करणे ही मंडळीची दोन स्वतंत्र कार्ये नसून त्यांचा सांधा या सर्वनामात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. मात्र ‘आम्ही’ संकुचित आणि ‘आपण’ उदार, असे सरळ समीकरण मांडून भागणार नाही. श्रेय घेणारा ‘आम्ही’ आणि उत्तरदायित्व पत्करणारा ‘आम्ही’ यांत फरक करावा लागतो. तसेच खरा ‘आपण’ आणि ‘तुम्ही’वर पांघरलेला ‘आपण’ यांतही फरक करावा लागतो. मराठीत ‘आपण’ हे आदरार्थी द्वितीयपुरुषाचेही रूप आहे, हे येथे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

२. अलेक्झांड्रिया आणि कार्थेज

तिसऱ्या शतकाच्या मध्यास रोमन साम्राज्यात पसरलेल्या साथीविषयी दोन बिशपांचे लेखन महत्त्वाचे ठरते. अलेक्झांड्रियाचे बिशप डायोनिसियस यांचे पत्र युसेबियसच्या मंडळीच्या इतिहासात जतन झाले आहे. ख्रिस्ती बांधवांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली, मृतांना धुऊन पुरले आणि स्वतःही त्यांच्यामागून गेले. इतरांनी मात्र आपल्याच माणसांना रस्त्यावर टाकले, असे चित्र त्यात आहे. हे पत्र सेवेचा मोलाचा पुरावा आहे. पण त्याची रचना ‘आम्ही’ आणि ‘ते’ अशा द्वंद्वावर उभी आहे. परधर्मीयांमध्ये एकही शुश्रूषा करणारा नव्हता, हे मानणे कठीण आहे. पत्राला मात्र तसे म्हणणे गरजेचे वाटते. सेवा येथे मंडळीच्या ओळखीची खूण होते. हा श्रेयाचा ‘आम्ही’ होय.

कार्थेजच्या सिप्रियन यांनी याच सुमारास लिहिलेल्या ‘दे मोर्तालिताते’ या ग्रंथात वेगळा प्रश्न आहे. परधर्मीयांबरोबर ख्रिस्ती लोकही तितक्याच संख्येने मरतात, याने काही श्रद्धावंत अस्वस्थ झाले होते. सिप्रियन त्यांना सांगतात की, या जगात असेतोवर देहाच्या बाबतीत साऱ्या मानवजातीशी आपली भागीदारी आहे. श्रद्धेमुळे रोगातून सूट मिळत नाही. देहाच्या पातळीवर हा निःसंशय ‘आपण’ आहे आणि त्यात परधर्मी माणूसही येतो. सिप्रियन यांचे चरित्र लिहिणारा डीकन पोंटियस पुढची पायरी सांगतो : केवळ स्वकीयांची काळजी घेण्यात विशेष काही नाही, असे त्यांनी मंडळीला बजावले. देह सामाईक असल्याचे मान्य झाल्यावर सेवाही सामाईक करावी लागते. सिप्रियन यांचा ग्रंथ आणि पोंटियसचे चरित्र एकत्र वाचल्यास सांत्वन आणि सेवा यांतील ही तर्कशुद्ध साखळी दिसते.

३. ल्यूथरचे पत्र : सावधगिरीचा ‘मी’

१५२७ मध्ये विटेनबर्गमध्ये प्लेग आला. विद्यापीठ येना येथे हलवण्यात आले. मार्टिन ल्यूथर मात्र शहरातच राहिले आणि त्यांच्या घरातच रुग्णांची व्यवस्था झाली. मरणाच्या साथीपासून पळ काढावा काय, या ब्रेस्लाऊच्या धर्मसेवकांच्या प्रश्नाला त्यांनी योहान हेस यांच्या नावे लिहिलेल्या खुल्या पत्रातून उत्तर दिले. पत्राचा पूर्वार्ध कर्तव्यांची विभागणी करतो. उपदेशक, अधिकारी, मालक व चाकर, आईबाप व मुले हे परस्परांशी बांधलेले आहेत. शेजाऱ्याची सोय लागली असेल तर इतरांनी निघून जाण्यास हरकत नाही. ज्यांना जाणे भाग आहे त्यांना भ्याड ठरवण्याचे ल्यूथर टाळतात.

औषध न घेणाऱ्या, रोगाची जागा न टाळणाऱ्या अतिश्रद्धाळूंना ते फटकारतात, तेव्हा पत्राची भाषा बदलते. येथे ते प्रथमपुरुषी एकवचनात येतात : मी देवाकडे रक्षणाची प्रार्थना करीन, मग घरात धूर करीन, औषध देईन आणि घेईन, माझी गरज नाही तेथे जाणार नाही, शेजाऱ्याला मात्र माझी गरज असेल तर जाईन. हा आशय उपदेशाच्या ‘तुम्ही’तही सांगता आला असता. तो ‘मी’मध्ये आल्याने सावधगिरी ही श्रद्धेची उणीव न राहता सेवेचाच एक भाग होते, कारण निष्काळजी माणूस दुसऱ्याच्या मरणाला कारण होऊ शकतो.

४. मिलान, १६३० : मिरवणूक आणि लाझारेत्तो

अलेस्सांद्रो मान्झोनी यांच्या ‘इ प्रोमेस्सी स्पोसी’ या कादंबरीत (पहिली आवृत्ती १८२७, सुधारित आवृत्ती १८४०-४२) मिलानच्या प्लेगची प्रकरणे आहेत. त्यांत मंडळीची दोन रूपे समोरासमोर येतात. सान कार्लो यांच्या अवशेषांची शहरभर मिरवणूक काढावी अशी नगरप्रमुखांची मागणी होती. गर्दीने रोग वाढेल म्हणून कार्डिनल फेदेरिको बोरोमेओ यांनी ती प्रथम नाकारली आणि अखेरीस मान्य केली. ११ जून १६३० रोजी मिरवणूक निघाली व मृत्यू एकदम वाढले. मान्झोनींचा उपरोध यापुढे आहे : लोकांनी गर्दीला दोष दिला नाही, गर्दीत शिरून विष माखणाऱ्या कल्पित माणसांना दिला. याच संशयातून ग्युलिएल्मो पियात्सा व जान जाकोमो मोरा यांचा छळ करून त्यांना देहदंड देण्यात आला. त्या खटल्याची चिकित्सा मान्झोनींनी सुधारित आवृत्तीला जोडलेल्या ‘स्तोरिया देल्ला कोलोन्ना इन्फामे’मध्ये केली. मिरवणुकीतील ‘आम्ही’ स्वतःची चूक पाहू शकत नाही. म्हणून त्याला ‘ते’ निर्माण करावे लागतात.

याउलट छत्तिसाव्या प्रकरणात, लाझारेत्तोची व्यवस्था पाहणारे कॅपुचिन फादर फेलिचे बऱ्या झालेल्या रुग्णांना निरोप देतात. भाषणाच्या पहिल्या भागात ते श्रोत्यांसह बोलतात : येथून दफनभूमीकडे गेलेल्यांचे स्मरण करू, उरलेले आयुष्य इतरांच्या उपयोगी लावू. हा स्वच्छ ‘आपण’ आहे. नंतर ते गळ्यात दोर अडकवून गुडघे टेकतात आणि स्वतःसह सर्व सेवकांच्या वतीने रुग्णांची क्षमा मागतात. सेवा करायला मिळणे हा आपला सन्मान होता आणि त्यात काही उणे राहिले असेल, असे त्यांचे म्हणणे. इटालियनमध्ये सर्वनाम बदलत नाही. मराठीत येथे ‘आपण’चा ‘आम्ही’ करावाच लागतो. हा ‘आम्ही’ श्रोत्यांना वगळतो, पण तो दोष स्वतःकडे घेण्यासाठी. डायोनिसियसच्या पत्रातील ‘आम्ही’पासून तो मूलतः भिन्न आहे. सेवकाने सेविताची क्षमा मागावी, यात उपकाराची उतरंड मोडते. मंडळीच्या सेवेचे याहून कठोर परीक्षण या परंपरेत क्वचितच आढळेल.

५. ईयम आणि पुणे

डर्बीशरमधील ईयम या गावात १६६५-६६ मध्ये प्लेग झाला. रेक्टर विल्यम माँपेसन यांनी आपले पूर्वाधिकारी थॉमस स्टॅन्ली यांच्या सहकार्याने गावकऱ्यांना गावाची सीमा न ओलांडण्यास राजी केले. चर्च बंद करून उपासना उघड्या दरीत होऊ लागली. ज्याचे मृत त्यानेच पुरावेत असे ठरले. सीमेवर ठेवलेल्या वस्तूंचे पैसे व्हिनेगरमध्ये टाकले जात. माँपेसन यांची पत्नी कॅथरिन ऑगस्ट १६६६ मध्ये मरण पावली. येथे सेवा म्हणजे न जाणे, न भेटणे. तिचा लाभ मिळणारे लोक सीमेपलीकडचे अनोळखी आहेत. ‘आम्ही’ स्वतःला कोंडून घेतो, ते दुसऱ्यासाठी.

परंतु या घटनेचे समकालीन लेखन माँपेसन यांच्या तीन पत्रांपुरतेच जवळजवळ मर्यादित आहे. एकदिलाने केलेल्या त्यागाची प्रसिद्ध कथा बरीचशी पुढील शतकांत रचली गेली, असे इतिहाससंशोधनाने दाखवले आहे. रेक्टरची मुले आधीच बाहेरगावी पाठवलेली होती. गरिबांना जायला ठिकाण नव्हते. स्मारकांमधला ‘आपण’ सर्वांना समान धैर्य बहाल करतो, तेव्हा कोणाला पर्याय होता आणि कोणाला नव्हता हे पुसले जाते.

हाच प्रश्न पुण्यात १८९७ मध्ये वसाहतकालीन रूप घेतो. प्लेगच्या बंदोबस्तात पंडिता रमाबाई यांच्या आश्रयाला आलेल्या मुलींनाही झळ पोहोचली. सरकारी प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या स्थितीविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या इंग्रजी ख्रिस्ती पत्रात तक्रार मांडली. सरकारी पातळीवर ती नाकारली गेली. रमाबाई ख्रिस्ती होत्या आणि राज्यकर्तेही ख्रिस्ती होते. पत्राचा वाचकवर्ग धर्मबंधूंचा असल्याने येथे सोयीचा ‘आपण’ सहज उपलब्ध होता. रमाबाई मात्र राज्यकर्त्यांच्या यंत्रणेत सापडलेल्या निराधार मुलींच्या बाजूने उभ्या राहतात. महामारीतील मंडळीची सेवा म्हणजे केवळ शुश्रूषा नव्हे, तर शुश्रूषेच्या नावाखाली चालणाऱ्या सत्तेला जाब विचारणे हेही आहे, हा पैलू या पत्रामुळे परंपरेत येतो. फादर फेलिचे स्वतःचा दोष मागून घेतात. रमाबाई आपल्याच धर्माच्या सत्तेकडे दोषाचा हिशेब मागतात.

६. २०२० नंतर

मार्च २०२० पासून जगभरची चर्चे बंद झाली. २७ मार्च रोजी पोप फ्रान्सिस यांनी रिकाम्या सेंट पीटर चौकातून आशीर्वाद दिला. १२ एप्रिलचा ईस्टर असंख्य कुटुंबांनी पडद्यासमोर साजरा केला. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली. अशा विलगतेला पूर्वपरंपरा आहे. १५७६ च्या प्लेगमध्ये कार्लो बोरोमेओ यांनी मिलानच्या चौकांत वेद्या उभारून कोंडलेल्यांना खिडकीतून मिस्साबलीत सहभागी होण्याची सोय केली होती. तथापि शब्द दूर पोहोचतो, भाकर पोहोचत नाही. प्रभुभोजनाला देह आणि जवळीक लागते. पडद्यावरची उपासना हे मान्य करून चालली, तेव्हा तिने श्रद्धा टिकवली. एकत्र येण्यालाच श्रद्धेचे प्रमाण मानले गेले, तेथे मिलानची मिरवणूक पुन्हा निघाली. फेब्रुवारी २०२० मध्ये दक्षिण कोरियातील देगू शहरात शिनचोन्जी पंथाच्या मेळाव्यांशी संबंधित रुग्णांची संख्या हजारांत गेली.

भारतातील एक निर्णय मात्र या परंपरेत स्वतंत्र स्थान मागतो. केरळमधील आलप्पुळ येथील लॅटिन धर्मप्रांताने जुलै २०२० मध्ये कोविडने मृत झालेल्यांचे दहन करून रक्षा चर्चच्या दफनभूमीत पुरण्याचा निर्णय घेतला. किनारपट्टीच्या त्या भूमीत थोडे खणले तरी पाणी लागते. पुरेशी खोल कबर शक्य नव्हती. कॅथलिक चर्चने दहनाला १९६३ मध्येच अनुमती दिली असली, तरी गावोगावच्या श्रद्धेला दफनच परिचित होते. चर्चच्या आवारात चिता पेटली, तेव्हा विधीचे रूप बदलले. मृताची मंडळीतील जागा मात्र राखली गेली. रोगाने मेलेला माणूस दफनभूमीच्या बाहेर जाऊ नये, म्हणजे ‘आपण’मधून वगळला जाऊ नये, यासाठी परंपरेने स्वतःत बदल केला. ल्यूथरची सावधगिरी आणि फादर फेलिचे यांचे मृतस्मरण येथे एका कृतीत एकवटतात.

आता पानलूंकडे वळता येईल. दुसऱ्या प्रवचनाच्या शिखरावर, सर्व काही मानावे किंवा सर्व काही नाकारावे असे सांगताना, नाकारण्याचे धाडस तुमच्यापैकी कोण करील असा प्रश्न ते विचारतात. म्हणजे टाकलेले ‘तुम्ही’ ऐन वेळी परत येते. त्यांचे प्रथमपुरुषी सर्वनाम मराठीत ‘आपण’च ठेवावे, परंतु ते डळमळीत ‘आपण’ आहे, हे भाषांतराने लपवू नये. कादंबरीतील निःशंक ‘आपण’ पानलूंना नास्तिक डॉ. रियूकडून मिळतो : मुलाच्या मरणानंतर तो त्यांना सांगतो की, प्रार्थना आणि ईश्वरनिंदा यांच्यापलीकडे जे आपल्याला जोडते त्यासाठी आपण एकत्र काम करीत आहोत. पानलू आरोग्यपथकात जातात, ते या ‘आपण’मध्ये. त्यांची सेवा त्यांच्या प्रवचनाच्या पुढे गेलेली आहे.

मराठी ख्रिस्ती उपासनेत प्रभूची प्रार्थना ‘आमच्या’ पित्याला उद्देशून म्हटली जाते. श्रोता देव असल्याने व्याकरणाला येथे वगळणारे रूपच हवे. पण देवापुढे उभ्या राहिलेल्या या ‘आम्ही’त शेजारच्या कोणाला वगळण्याचा अधिकार म्हणणाऱ्याला नाही. देवापुढे ‘आम्ही’ म्हणणाऱ्या मंडळीने रुग्णाकडे वळताच ‘आपण’ म्हणावे, आणि चुकांचा हिशेब देताना पुन्हा ‘आम्ही’ म्हणावे, असा संकेत अलेक्झांड्रियापासून आलप्पुळपर्यंतच्या या लेखनातून आणि कृतीतून हाती येतो. महामारीच्या वाङ्मयाचे मूल्यमापन करताना त्यातील त्यागाच्या प्रमाणाइतकाच हा सर्वनामांचा क्रमही तपासला पाहिजे. ज्यांच्या भाषांत हा भेद जिवंत आहे, त्या भारतीय अभ्यासकांनी तो तपासण्याची जबाबदारी प्रथम घ्यावी, हे उचित ठरेल.