'तुंबाड' : घरचे भय

रिकार्दो फ्रेदाचा 'इ व्हाम्पिरी' १९५७ साली इटलीत पडला. भयपट परदेशातूनच यावयाचा, अशी तेथील प्रेक्षकांची दृढ समजूत होती; तेव्हा 'काल्तिकी'साठी (१९५९) फ्रेदाने रॉबर्ट हॅम्प्टन हे परके नाव धारण केले. घरच्या भयावर विश्वास बसत नाही, ही अडचण इटलीपुरती नाही. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'ची (२०१८) जडणघडण आणि त्याचे स्वागत पाहता तीच अडचण वेगळ्या रूपाने समोर येते.

चित्रपटाचे बीज नारायण धारपांच्या 'आजी' या कथेत आहे, आणि ती कथा स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा'वरून बेतलेली. शीर्षक मात्र श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या कादंबरीची आठवण देते. या दोघांना मराठी समीक्षेने कधी एका पंक्तीस बसविले नाही. पेंडशांना प्रादेशिक कादंबरीकार म्हणून मानाचे पान मिळाले. धारप फिरत्या वाचनालयांच्या फाटक्या प्रतींतून वाचले गेले, चर्चिले गेले नाहीत. बर्वे यांनी त्यांना एकाच वाड्यात आणले, हेच या कृतीचे खरे साहस.

चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झाले. पहिले रूप समाधानकारक न वाटल्याने पुष्कळसे पुन्हा चित्रित करण्यात आले. पंकज कुमार यांच्या छायाचित्रणातील पाऊस केवळ वातावरणनिर्मिती करीत नाही. तो भिंतींत मुरतो, माणसांच्या अंगावर ओलसर साचतो. पण चित्रपटाचे सामर्थ्य पावसात वा हस्तर या राक्षसात नाही. विनायक विहिरीसारख्या गर्भात उतरतो, कणकेची बाहुली पुढे करतो, मूठभर मोहरा घेऊन वर येतो आणि काही काळाने पुन्हा जातो. हा दरोडा नव्हे, ही नोकरी आहे. तो मुलाला दोरावर चढण्या-उतरण्याचे शिक्षण देतो, तेव्हा लोभ वतनासारखा वंशपरंपरेने चालू लागतो. येथे धारपांचे भय पेंडशांच्या खोतीला भेटते. पांडुरंगाची आणि शापित आजीची, दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच बालनटाने केल्या आहेत. प्रेक्षकाला हे ठाऊक असो वा नसो, वारशाची ही साखळी त्या देहातच जुळलेली आहे.

१९१८, १९३३ आणि १९४७ ही कालखंडांची चौकट मात्र सैल वाटते. स्वातंत्र्याचा संदर्भ कथेला चिकटवल्यासारखा येतो; त्यातून लोभाविषयी नवे काही कळत नाही.

व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा आरंभ २०१८ मध्ये याच चित्रपटाने झाला. १२ ऑक्टोबरला तो भारतात प्रदर्शित झाला, पण चित्रपटगृहांतील प्रतिसाद बेताचाच राहिला. फिल्मफेअरने छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनिसंयोजन यांचे पुरस्कार दिले. म्हणजे कारागिरी मान्य झाली, कथावस्तूची पारख तशीच राहिली. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेहून अधिक उत्पन्न झाले. मधल्या सहा वर्षांत प्रेक्षकांनी त्याला तोंडोतोंडी जिवंत ठेवले होते, धारपांची पुस्तके जशी राहिली तशीच.

मात्र कोकणातल्या त्या ब्राह्मण वाड्यातील आजीला झोपविण्याची धमकी हिंदीत उच्चारली जाते. फ्रेदाने नाव बदलले होते. येथे नाव तुंबाडचेच राहिले आणि भाषा बदलली.