कुणाच्या जन्माची गॅरंटी?

आमच्या घरातली एकूण हत्यारं म्हणजे एक पक्कड. नाशिकची टपारिया, वडिलांनी नागदेवी स्ट्रीटवरून आणलेली. तिनेच आम्ही खिळे उपटतो, उलटी धरून तिनेच ठोकतो, आणि सांडशी सापडेनाशी झाली की दुधाचं पातेलंही तिनेच उतरवतो. अशा माणसाने हत्यारांवर मत देऊ नये, हे मला कळतं. पण ज्या धंद्यातलं ओ की ठो कळत नाही, त्या धंद्यांची कर्जप्रकरणं बावीस वर्षं हाताखालून गेली आहेत. त्या अधिकाराने लिहितो.

रजा साठवून न्यू जर्सीला ताईकडे गेलो होतो. (एल.टी.सी. तिथवर पोचत नाही. तिकीट माझ्या खिशातून.) पाहुण्याला लोक नायगारा दाखवतात. भावजींनी मला तीन दिवसांत हत्यारांची तीन दुकानं दाखवली. तिकडे मेकॅनिकची मजुरी ऐकली की माणूस आपसूक मेकॅनिक होतो, तसे भावजी झालेले. एरवी ते संगणकातले. पण शनिवार उजाडला की जुनी चड्डी चढवून गाडीखाली.

पहिलं दुकान हार्बर फ्रेट. १९७७ साली कॅलिफोर्नियात बाप-लेकांनी टपालाने माल विकायला सुरुवात केली. आज देशभर दीड हजारांवर दुकानं. वर्षानुवर्षं हे लोक कुपनावर बॅटरी, नाहीतर मोजपट्टी फुकट द्यायचे. भावजींकडे तशा अकरा बॅटऱ्या आहेत. वीज मात्र तिकडे जात नाही.

इथल्या स्वस्त पान्यांचं नाव पिट्सबर्ग. पोलादाचं गाव म्हणून मी आदराने हात लावला. मागे बघतो तर माल चीनचा, नाहीतर तैवानचा. देवगड हापूस म्हणून कर्नाटकातला आंबा खाणाऱ्या आपल्यासारख्यांना याचं नवल नको. वरच्या पायरीवर क्विन, त्याच्याही वर आयकॉन. म्हणजे जनरल डबा, स्लीपर आणि ए.सी.; इंजिन एकच.

या आयकॉनशेजारी स्नॅप-ऑनची किंमत छापून ठेवतात. स्नॅप-ऑन ही १९२० सालची कंपनी. तिच्या विक्रेत्याची गाडी आठवड्याला गॅरेजच्या दारात येते, मेकॅनिकला पाना उधार देते आणि हप्ता घेऊन जाते. वसुली दारात जाऊन! हे ऐकून मला भरून आलं. आमचे कर्जदार बँकेच्या दारावरूनसुद्धा जात नाहीत. तेव्हा स्नॅप-ऑनच्या किमतीत पोलाद किती नि ती दारात येणारी गाडी किती, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. रोज पोट भरणाऱ्या मेकॅनिकला तो परवडतो. शनिवारच्या मेकॅनिकला नाही.

दुसरं दुकान होम डेपो, त्याचा घरचा ब्रँड हस्की. तिसरं लोव्ज, त्याचा कोबाल्ट, १९९८ पासूनचा. दोन्ही दुकानं स्वतः काही घडवत नाहीत, बाहेरून घडवून घेतात आणि नाव घालतात. मी भावजींना विचारलं, "यांच्यात फरक काय?"

"हा काळा-लाल, तो निळा."

"आणि कामात?"

"अरे, हस्की दुधाच्या वाटेवर पडतं."

एक फरक मात्र त्यांनी हातात देऊन समजावला, तो बँकवाल्यालाही पटला. रॅचेटला ७२ दात असले की दर ५ अंशांना ते नवा दात पकडतं. ३६ असले तर १० अंश फिरवावं लागतं. मोकळ्या जागेत दोन्ही सारखीच. पण इंजिनाच्या सांदीत हात जेमतेम हलतो, तिथे त्या ५ अंशांवर दुपार अवलंबून असते. दुकानात बघायचं ते हे. रंग आणि गावाचं नाव नव्हे.

आता मुख्य गोष्ट. तिन्ही दुकानं हातहत्यारांवर जन्मभराची गॅरंटी देतात. मोडला पाना द्या, नवा घेऊन जा. पहिल्या दिवशी मी चाटच पडलो. जन्मभराची हमी तर लग्नातसुद्धा अग्नीला साक्षी ठेवून द्यावी लागते! रात्री अंथरुणात उलगडा झाला. पाने मोडत नाहीत, हरवतात. भावजींचं १० मिलिमीटरचं सॉकेट चौथ्यांदा बेपत्ता आहे, आणि हरवण्यावर गॅरंटी नाही. उरलेल्यांतला एखादा मोडलाच, तर वीस मैल गाडी हाकत जाणारे किती? आमच्याकडे वर्षानुवर्षं कोणी न मागितलेल्या ठेवी पडून असतात, तसाच हा प्रकार. हमी मोठी, वटवणारे थोडे.

शिवाय जन्मभर म्हणजे कुणाच्या जन्मभर? क्राफ्ट्समनचं बघा. सीअर्स या दुकानाने हे नाव १९२७ साली घेतलं, ५०० डॉलरला म्हणतात. पुढे दोन-तीन पिढ्यांनी मोडके पाने नेऊन बदलून आणले. २०१७ साली तेच नाव स्टॅन्ली ब्लॅक अँड डेकरने सुमारे ९० कोटी डॉलरला घेतलं आणि २०१८ च्या ऑक्टोबरात सीअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. आता क्राफ्ट्समन लोव्जमध्येही, कोबाल्टच्या शेजारी नांदतो. जामीन राहणारा बुडाला, पण त्याचा शब्द विकला गेला म्हणून तरला. बी.कॉम.च्या पुस्तकात गुडविल शिकलो होतो. बघितलं ते हे पहिल्यांदा.

एवढ्यावर निकाल देऊन मोकळा झालो असतो. पण शनिवारी भावजींनी गाडी वर घेतली, चाकं काढली आणि खाली शिरले. जॅकने उचललेली गाडी पेलून धरायला खाली चार पायांची लोखंडी स्टँडं लावतात. त्यांच्यावर दीड टन गाडी, आणि गाडीखाली आमच्या ताईचं सौभाग्य.

मला वाचलेलं आठवलं. २०२० च्या मार्चमध्ये हार्बर फ्रेटने पिट्सबर्गची ३ आणि ६ टनी स्टँडं परत मागवली, सुमारे १७ लाख नग. कारखान्यातली सामग्री झिजल्यामुळे काही नगांचे दाते खिटीत नीट बसत नव्हते. गाडी एकदम खाली येण्याचा धोका होता. जुलैत, बदली म्हणून दिलेल्या स्टँडांतही जोडाची खोट निघाली, तीही मागवली. चूक कबूल करून पैसे परत देऊ केले, हे त्यांच्या बाजूने लिहायलाच हवं. पण परत मागवलेला माल सगळा परत येतोच असं नाही. परत मागवलेल्या नोटांचा अनुभव आम्हाला आहे.

"भावजी, ही स्टँडं कुठली हो?"

गाडीखालून आवाज आला, "कुणाच्या तरी गॅरेज सेलमधून. दोन डॉलरला जोडी!"

मी वाकून लेबल शोधलं. पार पुसलेलं. ना नाव, ना सालाचा पत्ता.

तेव्हा माझं सगळं तुलनाशास्त्र एका प्रश्नावर आलं: हे मोडलं तर काय मोडेल? पाना घसरला तर बोटाची साल जाईल. तिथे स्वस्तातलं खुशाल घ्यावं, नि वारंवार लागेल ते चांगलं घ्यावं. पण ज्याच्याखाली आपण निजतो, त्याच्यावर घासाघीस करू नये, आणि ज्याची कुंडली माहीत नाही ते फुकटही घेऊ नये. त्याची गॅरंटी जन्मभराची असेलही. ती वटवायला आपण उरलो पाहिजे.

हे सगळं मी मुद्देसूद मांडत होतो. ताई स्वयंपाकघरातून हात पुशीत आली, दोन मिनिटं ऐकलं, काढून ठेवलेली दोन्ही चाकं एकेक करून गडगडत नेली आणि गाडीखाली आडवी सारली. स्टँड घसरलं तरी गाडी चाकांवर अडावी, अशी.

"दर शनिवारी हेच करते," ती म्हणाली. "आधी ते नको म्हणतात. चल, चहा झालाय. तुम्हीही या हो बाहेर."

सोमवारी भावजींनी नवी स्टँडं आणली, पावतीसकट. पावती ताईने देवघरात ठेवली.